जीपीएस घडी वावरात आली तेव्हा: घेण्यापासून गॅस्केटपर्यंत

आमच्या विदर्भातल्या वरुड भागात जुनी माणसं मनगटावरच्या घड्याळाला अजून ‘घडी’च म्हणतात. जीपीएस, हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर, होकायंत्र आणि नाडी मोजणारा दिवा असलेली घडी मी पहिल्यांदा घातली, तेव्हा काकांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, “एवढ्या पैशात गोऱ्हा आला असता. हे करते काय?” मी मोठ्या हौसेनं उंची दाखवली. दुपारी ती बंगईवर (झोपाळ्यावर) पडल्या पडल्या तीस मीटरनं वाढली. काका म्हणाले, “गाव वर चाललं वाटते.”

हा लेख त्या तीस मीटरमुळे आहे. या घड्या काही गोष्टी खरोखर मोजतात आणि काही नुसत्या अंदाजानं सांगतात, पण काचेवर दोन्ही आकडे सारख्याच ठसठशीत अक्षरांत येतात. कुठला आकडा मोजलेला आणि कुठला अंदाजाचा, हे कळलं की घडी कामाला येते. तोवर ती मनगटावरचा दागिनाच.

घेण्याआधी

आधी ठरवा, कशासाठी पाहिजे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्याला जीपीएस आणि लॅपचं, म्हणजे एकेका फेरीची वेळ वेगळी नोंदवणारं, बटण पाहिजे. उंची-होकायंत्र त्याच्या काही कामाचं नाही. मेळघाटात, सातपुड्यात फिरणाऱ्याला उंची, दिशा आणि ‘आल्या वाटेनं परत’ हे फंक्शन पाहिजे. शेतकऱ्याला, खरं सांगतो, मुख्यतः टायमर, गजर, उजेड आणि टिकाऊपणा पाहिजे. बाकीचं असलं तर चांगलंच.

मग बाजारात दोन जाती दिसतील. पहिली, साध्या सेलवर किंवा सौर पट्टीवर चालणारी, उंची-हवेचा दाब-होकायंत्र असलेली घडी. हिला जीपीएस नसतो, पण वर्षानुवर्षं चार्ज करावी लागत नाही. कॅसिओची प्रो ट्रेक ही या जातीतली ओळखीची मालिका. दुसरी, गार्मिन, सुंटो, कोरोस, अमेझफिट वगैरेंची जीपीएस असलेली. ती चार्ज करावीच लागते. ज्या घरात तीन फोन एकाच बोर्डावर लटकलेले असतात, तिथं हा फरक छोटा नाही.

काच कोणती ते नीट पाहा. दुकानात अमोलेड पडदा टीव्हीसारखा झगमगतो. पण मे महिन्यात वावरात त्याला उन्हाशी भांडावं लागतं आणि त्या भांडणात बॅटरी जाते. परावर्तित उजेडावर चालणारा मिप पडदा दुकानात फिका, मेंगळट वाटतो. उन्हात मात्र जितकं ऊन कडक तितका तो स्पष्ट. आपल्याकडच्या उन्हासाठी मी डोळे झाकून मिप घेईन. आणि बटणं पाहिजेत, पाच असली तर उत्तम. घामेजलेल्या, चिखलाच्या बोटाला टचस्क्रीन ऐकत नाही.

काही गोष्टींसाठी जादा पैसे देऊ नका. रेडिओ लहरींवरून आपोआप वेळ जुळवणाऱ्या घड्यांना ज्या मनोऱ्यांचा संदेश लागतो ते जपान, चीन, अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीत आहेत. भारतात एकही नाही, त्यामुळे विदर्भात ते फंक्शन मुकं. ‘मिलिटरी स्टँडर्ड ८१०’ असं खोक्यावर लिहिलेलं असतं. ही अमेरिकी सैन्याच्या चाचणी-पद्धतींची यादी आहे. त्यातल्या कोणत्या चाचण्या करायच्या हे कंपनीच ठरवते आणि कंपनीच करते किंवा करवून घेते, म्हणून नुसत्या त्या आकड्यावर भुलू नका. पाण्याबाबत ५ एटीएम (पाण्याचा दाब सोसण्याचं माप) म्हणजे पाऊस, आंघोळ, विहिरीत पोहणं इथपर्यंत ठीक. १० एटीएम असलं तर निश्चिंत. मात्र पाण्याखाली बटण दाबू नका.

बिल भारतातलं, वॉरंटी भारतातली. परदेशातून कोणी पाठवलेली घडी बिघडली की इथलं सर्व्हिस सेंटर हात वर करतं. आणि एक कायद्याची गोष्ट: परदेशात घड्यांच्या सोबतीनं मिळणारी, थेट उपग्रहावरून संदेश धाडणारी छोटी यंत्रं भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. नातेवाईक आणतो म्हणाला तर नको म्हणा. नुसता जीपीएस असलेल्या घडीला अशी अडचण नाही.

पहिल्या संध्याकाळी करायची कामं

१. पूर्ण चार्ज करा आणि सॉफ्टवेअर अपडेट घ्या. हे काम तालुक्याच्या गावी, चांगल्या नेटवर्कमध्ये उरकलेलं बरं.

२. एकक ठरवा: किलोमीटर, मीटर, हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं माप), सेल्सिअस. स्थान दाखवण्याची पद्धत दशांश अंशांत ठेवा. फोनच्या नकाशात तेच आकडे जसेच्या तसे टाकता येतात, आणि अडचणीत ११२ ला सांगायलाही सोपे. दशांश चिन्हानंतर चार आकडे सांगितले की ठिकाण दहा-अकरा मीटरच्या आत आलं.

३. पहिला जीपीएस मोकळ्या आकाशाखाली लावा. गच्ची किंवा खळं चालेल, संत्र्याच्या झाडाखाली किंवा टिनाखाली नाही. उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक आकाशातून उतरवायला साडेबारा मिनिटं लागतात, म्हणून पहिल्या दिवशी घडी ठेवा आणि चहा घ्या. पुढं आठवड्यातून एकदा-दोनदा फोनशी जोडत गेलात तर ते वेळापत्रक फोनवरून मिळतं आणि पंधरा-वीस सेकंदांत काम होतं. ‘घडी आजकाल उपग्रहच पकडत नाही’ ही तक्रार निम्म्या वेळा महिनाभर फोनशी न जोडल्याची असते.

४. मेसेजची थरथर बंद करा. गावच्या ग्रुपवरची ‘शुभ सकाळ’ची पन्नास चित्रं मनगटावर थरथरवणं हा बॅटरीचा आणि माणसाचा दोघांचा छळ.

५. सूर्योदय-सूर्यास्त पहिल्या पडद्यावर आणा. जीपीएस घडी हे तुमच्या जागेवरून काढते आणि तो आकडा विश्वासाचा असतो. गडचिरोली आणि बुलढाण्यात सूर्य उगवण्यात जवळजवळ पंधरा मिनिटांचं अंतर आहे. आपण एकाच विदर्भाचे असलो तरी कॅलेंडरावरची वेळ सगळ्यांना सारखी लागू होत नाही.

उंची का हलते

आता काकांचे तीस मीटर.

घडी उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजते. वर गेलं की हवा विरळ होते, दाब कमी होतो. आपल्या उंचीवर दाब एक हेक्टोपास्कल उतरला की घडी समजते, साडेआठ-नऊ मीटर वर आलो. पण दाब जागच्या जागीही बदलतो. उष्ण प्रदेशात त्याला रोजची भरती-ओहोटी असते: सकाळी दहाच्या सुमारास वर, दुपारी चारच्या सुमारास खाली, रात्री दहाला पुन्हा वर, पहाटे चारला पुन्हा खाली. सकाळी दहा ते दुपारी चार यांत तीन-चार हेक्टोपास्कलचा फरक पडतो. त्याला नऊनं गुणा, तीस-पस्तीस मीटर आलेच. घडी बरोबर होती, बंगईही बरोबर होती.

ऋतूचा फरक याहून मोठा. थंडीत आपल्याकडे दाब जास्त असतो, जून-जुलैत मान्सूनच्या कमी दाबात तो बारा-पंधरा हेक्टोपास्कलनं उतरतो. म्हणजे जानेवारीत जुळवलेली उंची जुलैत शंभर-सव्वाशे मीटर चुकलेली असणार. दोष घडीचा नाही, न जुळवणाऱ्याचा.

जुळवायची कशी, तर आधी खात्रीची उंची पाहिजे. ती रेल्वे स्टेशनावर फुकट मिळते. फलाटाच्या टोकाला गावाचं नाव लिहिलेल्या पिवळ्या पाटीवर खाली समुद्रसपाटीपासूनची उंचीही लिहिलेली असते. तिथं उभं राहून घडीत तो आकडा भरा. मग रेंगाळू नका, अर्ध्या तासात घरी या आणि ओसरीवर घडी किती दाखवते ते भिंतीवर पेन्सिलनं लिहून ठेवा. ही तुमच्या घराची उंची. यापुढं स्टेशनावर जायला नको. डोंगराला निघायच्या सकाळी ओसरीवर हा आकडा भरायचा आणि निघायचं. दिवसभर चालणार असाल तर वाटेत माहितीच्या जागी पुन्हा एकदा भरा. काही घड्या जीपीएसवरून आपोआप जुळवून घेतात. ते चालू ठेवा, पण जीपीएसची उंची आडव्या अंतरापेक्षा कच्ची असते हे लक्षात असू द्या.

वादळाचा इशारा

बॅरोमीटरचं दुसरं काम हवामानाचं. तीन तासांत दाब चारेक हेक्टोपास्कल उतरला की अनेक घड्या वादळाचा इशारा देतात. हा हिशेब थंड देशांतल्या हवामानाला धरून केलेला आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात रोजचीच दुपारची उतरण जोराची असते, त्यामुळे घडी कोरड्या ठणठणीत आभाळाखाली ओरडू शकते. सेटिंग असलं तर मर्यादा वाढवा, नसलं तर इशारा बंदच ठेवा.

मी एकदा परतवाड्याहून चिखलदऱ्याला गाडीवर चाललो होतो. घडी बॅरोमीटरच्या मोडमध्ये राहून गेली. घाट चढता चढता सातशेहून जास्त मीटर वर आलो, म्हणजे दाब सुमारे ऐंशी हेक्टोपास्कल उतरला. घडीला वाटलं, चक्रीवादळच आलं. मागं बसलेला माणूस घाबरून आभाळ पाहत होता. आभाळात एक ढग नव्हता. तेव्हा नियम असा: चालत-चढत असाल तर मोड उंचीचा, मुक्काम केला की बॅरोमीटरचा. ‘ऑटो’ मोड हे स्वतः ओळखतो म्हणतात. पायी चालताना ओळखतो, गाडीवर फसतो.

आणि खऱ्या धोक्याबद्दल. मे-जूनमधली आणि परतीच्या पावसातली गडगडाटी ढगं अर्ध्या तासात उभी राहतात. त्यांच्या आधी दाब नीट उतरेलच असं नाही, कधी तर गार वारा सुटताना तो अचानक चढतो. वीज कुठं पडते आहे हे मनगटावरच्या घडीला कळत नाही. त्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये ठेवा. गडगडाट ऐकू आला की घडीकडे पाहत बसू नका, झाडाखालून निघा आणि पक्क्या घरात जा.

दिशा

होकायंत्र जुळवताना घडी हवेत इंग्रजी आठाच्या आकारात फिरवायची. फक्त हे मोटारसायकलवर बसून, ट्रॅक्टरजवळ, विहिरीवरच्या मोटरपाशी किंवा टिनाच्या शेडमध्ये करू नका, लोखंड सुईला भुलवतं. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत आपल्याकडे एका अंशाचाही फरक नाही, म्हणून ते सेटिंग शून्यावर राहू दिलं तरी चालतं. घडी आडवी, पाण्याच्या वाटीसारखी सपाट धरून वाचा.

भरतीच्या पोरांसाठी

हा भाग मी माझ्या भाच्यापायी शिकलो. पहाटे साडेचारला आमच्या डांबरी रस्त्यावर पंचवीस-तीस पोरं-पोरी धावतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर असतं, ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आलं तर २० पैकी २० गुण. मुलींना ८०० मीटर, तिथं पूर्ण गुणांसाठी २ मिनिटं ५० सेकंद. जाहिरात निघाली की तिच्यातलं कोष्टक पाहून घ्याच.

भाचा एक दिवस पळत आला. “मामा, घडी त तीन पाच दाखवून रायली, आपलं काम झालं!” म्हणजे किलोमीटरला ३ मिनिटं ५ सेकंद. ५:१० ला १६०० मीटर म्हणजे किलोमीटरला साधारण ३:१४, तर पोरगा नऊ सेकंद पुढं. दोन दिवसांनी मैदानावर मोजून धावला आणि सहा मिनिटं लागली. घडीवर दिसणारा ‘आत्ताचा वेग’ जीपीएसच्या दोन-तीन मीटरच्या उड्यांवरून काढलेला असतो. तो उसळतो आणि पोरगं नेमकं उसळलेलं पाहतं.

म्हणून असं करा:

‘आत्ताचा वेग’ पडद्यावरून काढून टाका. त्या जागी लॅपची वेळ आणि एकूण वेळ ठेवा. ‘ऑटो लॅप’ बंद, ‘ऑटो पॉज’ बंद. नोंद सेकंदा-सेकंदाला घेण्याचं सेटिंग लावा.

मैदान टेपनं मोजा. शाळेचं मैदान बहुधा २०० मीटरचं निघतं. फेरी संपताना खुणेच्या दगडापाशी हातानं लॅपचं बटण दाबा. ५:१० साठी ४०० मीटरची फेरी ७७.५ सेकंदांत पाहिजे, २०० मीटरची ३८.७५ सेकंदांत. पहिली फेरी ३५ मध्ये मारणारे पोट्टे शेवटच्या दोन फेऱ्यांत बसतात. घडीचा खरा उपयोग त्यांना पहिल्या फेरीत आवरण्याचा आहे.

अंतरासाठी जीपीएसवर विसंबू नका. छोट्या गोल मैदानावर तो वळणं कापतो. १६०० मीटरमध्ये एक टक्का चूक म्हणजे १६ मीटर, या वेगाला तीन सेकंद. भरतीत तीन सेकंदांनी गुणांची पायरी बदलते. वेळ मात्र घडी अचूक मोजते. अंतर टेपनं, वेळ घडीनं, एवढंच ध्यानात ठेवायचं.

वनरक्षक भरतीची गोष्ट वेगळी. तिथं चार तासांत मुलांना २५ आणि मुलींना १६ किलोमीटर चालायचं असतं. लांब, सरळ रस्त्यावर जीपीएस चांगला चालतो. मुलांनी किलोमीटरला ९ मिनिटं ३६ सेकंदांचा इशारा लावून सराव करावा, मुलींनी १५ मिनिटांचा. प्रत्यक्षात पाणी प्यायला थांबणं धरून मुलांनी नऊ मिनिटांचाच धरावा.

नाडीबद्दल. घडीखालचा हिरवा दिवा कातडीखालच्या रक्ताची उसळी पाहून ठोके मोजतो. पट्टा सैल असला, थंडीत हात गारठलेला असला, मनगटावर गोंदण असलं, की तो चाचपडतो. घडी मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधा. धावताना एक खास चूक होते: दिवा ठोक्यांऐवजी पावलांचे धक्के पकडतो. मिनिटाला १७५ पावलं पडत असली की नाडीही १७५ दाखवतो, पोरगं आरामात गप्पा मारत पळत असलं तरी. शंका आली तर थांबा, गळ्याशी बोट ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजा, चारनं गुणा. रोजच्या सरावाला हे पुरतं. फारच हौस असेल तर छातीचा पट्टा घ्या. ‘२२० वजा वय’ हे सूत्र सरासरीचं आहे, एकेका माणसात दहा-पंधरा ठोके इकडेतिकडे असतात.

आणि एक गोष्ट घडीबाहेरची. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा पिढीजात आजार बऱ्याच घरांत आहे. ज्या पोरांच्या घरात कोणाला आहे त्यांनी जोराचा सराव सुरू करण्याआधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासून डॉक्टरांना विचारावं. पाणी कमी पडून, उन्हात जीव तोडून पळणं त्यांना धोक्याचं असतं. घडीचा रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा या कामी पाहूच नका.

वावर मोजायचं असेल तर

काही घड्यांत धुऱ्यावरून (बांधावरून) चालत गेलं की क्षेत्रफळ निघतं. पहिल्यांदा हे सापडलं तेव्हा मी शेजारच्या तीन वावरांच्या धुऱ्यांवरून फिरलो आणि गावात चर्चेचा विषय झालो.

पद्धत सोपी: सकाळी, मोकळ्या आभाळात, दोन मिनिटं एका कोपऱ्यावर उभं राहून जीपीएस स्थिर होऊ द्या. मग मोजणी सुरू करून संथ चाला, कोपऱ्यावर थांबून वळा, सुरुवातीच्या दगडावर येऊन बंद करा. संत्र्याच्या बागेत धुऱ्यावरूनच चाला, ओळींतून नको.

आता चूक किती? एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, चौकोनी असेल तर बाजू सुमारे ६३.६ मीटर. तुम्ही चारही बाजूंनी सरासरी दोन मीटर बाहेरून चाललात, किंवा घडीनं तसं धरलं, तर सव्वापाच गुंठे वाढतात. एकरात सव्वापाच गुंठे! पाच एकरांच्या चौकोनी वावरात तीच दोन मीटरची चूक साडेअकरा गुंठ्यांची, म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास. वावर जितकं मोठं तितकी टक्केवारीतली चूक छोटी. अर्ध्या एकराच्या तुकड्यावर हा खेळ करूच नका.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटरच्या किंचित वर, म्हणून तोंडी हिशेबात आर आणि गुंठा एकच धरले तरी बिघडत नाही. ट्रॅक्टरवाल्यानं नांगरलं किती, फवारणी किती झाली, बियाण्याच्या पिशव्या किती लागतील, इतक्यासाठी घडीची मोजणी छान. धुऱ्याच्या भांडणात मात्र ती काढू नका. तिथं भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच चालते, आणि घडी दाखवून भाऊबंदकी वाढवल्याचं उदाहरण आमच्याच गावात आहे.

विहीर, बोअर, वॉल्व्ह, जमिनीखालून गेलेल्या पाइपाचे जोड ही सगळी ठिकाणं मात्र एकदा उभं राहून घडीत जतन करा. सोयाबीन कमरेएवढं झालं की वॉल्व्ह सापडत नाही, तेव्हा तीन मीटरची चूकही चालते.

रात्रीचं ओलीत

शेतीची थ्री फेज लाइन बऱ्याच ठिकाणी पाळीपाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात घडीचा सगळ्यात मोठा उपयोग उलटा टायमर. एका वाफ्याला चाळीस मिनिटं असतील तर चाळीसचा, आपोआप पुन्हा सुरू होणारा टायमर लावा आणि आवाज बंद करून नुसती थरथर ठेवा. खाटेवर डुलकी लागली तरी मनगट हलतं, आणि पाणी शेजाऱ्याच्या वावरात जात नाही. लाइन यायच्या दहा मिनिटं आधीचा गजर आठवड्याच्या वारांनुसार लावून ठेवा.

घडीचा उजेड वॉल्व्ह पाहायला ठीक. चालायला नाही. साप घडीच्या उजेडात दिसत नाही, हातात बॅटरी आणि पायात गमबूट पाहिजेतच.

डोंगरात, रानात

वनखात्याच्या परवानगीच्या वाटेवरच जा, हे आधी. निघताना गाडी उभी केलेली जागा जतन करा आणि ट्रॅक चालू करा. परतीला ‘आल्या वाटेनं परत’ लावलं की घडी बाण दाखवते. हे फंक्शन घरी, गावाभोवती दोनदा वापरून पाहा. पहिल्यांदा ते सातपुड्यात, अंधार पडताना उघडणारा माणूस मेन्यूतच हरवतो.

घडीचं आणीबाणीचं बटण हा मोठा गैरसमज. बहुतेक घड्यांत ते बटण फोनला सांगतं आणि फोन नेटवर्कवरून संदेश पाठवतो. मेळघाटाच्या आतल्या भागात नेटवर्कच नाही, तिथं ते बटण मुकं. म्हणून कुठल्या वाटेनं, किती वाजेपर्यंत, हे घरी सांगून निघा.

तापमानाचा आकडा तर घड्याळ हातात असताना वाचूच नका, ते तुमच्या अंगाची ऊब धरून सांगतं. खरं पाहिजे असेल तर घडी काढून सावलीत वीस-तीस मिनिटं लटकवा.

मे महिन्यातली बॅटरी

लिथियम बॅटरीच्या घड्या बहुधा ० ते ४५ अंश तापमानातच चार्ज कराव्यात असं माहितीपत्रकात असतं. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच ४५-४६ होतं, टिनाच्या खोलीत त्याहून वर. म्हणून उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे, किंवा रात्री कूलरसमोर. गाडीच्या डॅशबोर्डवर घडी विसरणं म्हणजे तिचं आयुष्य कापणं.

व्होल्टेज वरखाली होत असेल तर थेट बोर्डाऐवजी पॉवरबँकेवर चार्ज करा. इथं एक गंमत आहे: घडी इतकी कमी वीज ओढते की कित्येक पॉवरबँका ‘काही जोडलंच नाही’ समजून मिनिटाभरात बंद होतात. सोबत फोनही लावा, मग चालू राहते.

सौर घडीबद्दल: गार्मिन आपल्या सौर घड्यांचा हिशेब रोज तीन तास, ५०,००० लक्सच्या उजेडात असं धरून सांगते. आपल्या वावरात त्याच्या दुप्पट उजेड असतो. पण वावरात काम करणारा माणूस पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो, आणि घडी बाहीखाली. घडी बाहीवरून बांधली तर ऊन मिळतं, नाडी मिळत नाही. दोन्हींपैकी एक निवडा.

फवारणी, घाम, काळी माती

फवारणीच्या दिवशी घडी घरी. यावर चर्चा नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास माणसं गेली, ते आपण विसरलेलो नाही. पट्ट्याखाली शिरलेलं औषध तासन्‌तास कातडीला चिकटून राहतं, आणि त्यातले द्रावक रबर-प्लास्टिकही खातात. डास पळवणाऱ्या मलमांचंही तसंच: हात धुवा, मग घडी बांधा.

रोज संध्याकाळी साध्या पाण्यानं धुवून, पुसून, अर्धा तास मनगट उघडं ठेवा, नाहीतर घामोळ्या आणि चट्टे ठरलेले. काळी माती वाळली की बॅरोमीटरच्या बारीक छिद्रांत सिमेंटसारखी बसते आणि उंची अडकून राहते. सुईनं कोरू नका, आतला पडदा फाटतो. कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा, मग वाहत्या पाण्याखाली धरा. चार्जिंगच्या पितळी टोकांवर घामाचा हिरवा थर आला तर जुन्या टूथब्रशनं, आणि पूर्ण कोरडं करूनच चार्जर लावा.

गॅस्केट

माझी पहिली घडी सेलवाली होती. सेल संपला तेव्हा तालुक्याच्या एका दुकानात दहा मिनिटांत बदलून घेतला. झाकण उघडलं, सेल टाकला, झाकण दाबलं, दीडशे रुपये. पंधरा दिवसांनी पोळा. नदीवर बैल धुतले, आणि दुपारी काचेच्या आतून धुकं. संध्याकाळपर्यंत आकडे गेले.

झाकणाखाली रबराची बारीक कडी असते, तिलाच गॅस्केट म्हणतात. तीच पाणी अडवते. उघडल्यावर ती साफ करून, सिलिकॉन ग्रीस लावून, सुकलेली असेल तर नवी टाकून बसवावी लागते आणि नंतर दाबाची चाचणी घ्यावी लागते. दुकानदाराला आधी विचारा: “नवी रिंग टाकता का? प्रेशर टेस्ट करता का?” नाही म्हणाला तर कुरिअरनं कंपनीकडे पाठवा. पाठवताना पट्टा काढून ठेवा, घडीचा आणि मागच्या क्रमांकाचा फोटो घ्या, बिलाची झेरॉक्स जोडा. न उघडलेली घडीही दर दोन-तीन वर्षांनी तपासून घ्यावी, आपल्या उन्हानं रबर लवकर कडक होतं.

आत धुकं दिसलंच तर चार्जरला लावू नका आणि उन्हात ठेवू नका. जीपीएस घडी असेल तर बंद करून थेट सर्व्हिसला. सेलवाली असेल तर त्याच दिवशी झाकण उघडून सेल काढून घ्या. मी दोन दिवस वाट पाहिली, तेवढ्यात आतल्या पट्टीवर गंज चढला होता.

जुनी घडी कोणाला देणार असाल तर आधी आपल्या ॲपमधून ती काढा, मग फॅक्टरी रीसेट करा. उलट क्रमानं केलं तर घडी तुमच्याच खात्याला चिकटून राहते आणि समोरच्याला जोडता येत नाही. घेणाऱ्यानं पैसे देण्याआधी अर्धा तास जीपीएस चालू ठेवून बॅटरी किती टक्के उतरते ते पाहावं. माझ्या भाच्यानं त्याची घडी अशीच घेतली. अर्ध्या तासात चार टक्के उतरली, पट्टा तेवढा नवा टाकावा लागला.